माशाच्या काळजाचे ठोके

मराठी माणसाच्या बोलण्यात काळजाइतका राबणारा अवयव दुसरा नसेल. भीती वाटली की काळजाचा ठोका चुकतो, कुणाचे दुःख ऐकले की काळजाला घरे पडतात, आणि लेक सासरी निघाली की काळजाचा तुकडा दूर जातो. इतके सगळे आपण काळजाच्या नावावर जमा करतो. पण हे काळीज मुळात घडते कसे, हा प्रश्न मात्र आपल्याला सहसा पडत नाही.

आणि प्रश्न वाटतो तितका साधा नाही बरे का! गर्भ राहिल्यापासून साधारण तीन आठवड्यांनी त्याचे हृदय धडधडू लागते. त्या वेळी त्याला हृदय म्हणावे असे काही नसतेच. चार कप्पे नाहीत, झडपा नाहीत. असते ती एक साधी नळी. ही नळी ठोके देत देतच वाकते, फुगते, तिच्यात पडदे उभे राहतात आणि झडपा बसतात. एखाद्या कुटुंबाने भिंती उभ्या राहण्यापूर्वीच जागेवर संसार मांडावा, आणि गवंड्या-सुतारांनी चुलीवरचा भात उतरू न देता भोवतीने घर बांधून द्यावे, तसलाच हा प्रकार! कामाला घटकाभराची सुटी नाही आणि बांधकामही थांबायचे नाही.

आता विचारी माणसाच्या मनात पुढचा प्रश्न येतो तो असा: हृदय घडते म्हणून ते चालते, हे तर खरेच, पण ते चालते म्हणून नीट घडते, असेही काही आहे काय? याचे उत्तर हवे तर घडणारे हृदय चालू असतानाच, पेशीन् पेशी दिसेल इतक्या बारकाईने पाहिले पाहिजे. गेली काही वर्षे या विषयावरचे शोधनिबंध मी जमेल तसे वाचत आलो आहे, आणि संशोधकांनी टिपलेली चलच्चित्रे पाहत आलो आहे. त्यांत जे दिसले ते घरातल्या थोरामोठ्यांनी आणि मुलाबाळांनी मिळून वाचावे असे वाटले, म्हणून हा लेखनप्रपंच.

गंगेच्या खोऱ्यातला मासा

माणसाच्या गर्भात इतक्या बारकाईने डोकावता येत नाही. सोनोग्राफीत हृदयाची हालचाल दिसते, पण एकेक पेशी दिसत नाही. म्हणून शास्त्रज्ञांनी आधार घेतला तो एका माशाचा. तीनचार सेंटिमीटर लांबीचा, अंगावर निळे पट्टे असलेला हा झेब्रा मासा आपल्याकडच्या काचेच्या पेट्यांतून नेहमी दिसतो. मूळचाही तो आपल्याच बाजूचा. फ्रान्सिस हॅमिल्टन या स्कॉटिश वैद्याने गंगेतल्या माशांवर १८२२ साली ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात या माशाचे पहिले शास्त्रीय वर्णन आहे. पुढे अमेरिकेत ऑरेगन विद्यापीठातल्या जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी त्याला प्रयोगशाळेत आणून ठेवले, आणि १९८१ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाल्यावर जगभर त्याचे नाव झाले. आज मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही या माशावर संशोधन चालते.

याच्यात असे आहे तरी काय? एक तर त्याची अंडी आईच्या पोटाबाहेर, पाण्यात वाढतात. दुसरे म्हणजे आतला जीव काचेसारखा पारदर्शक असतो. तिसरे, अंडे फळल्यापासून सुमारे एका दिवसात त्याचे हृदय ठोके देऊ लागते. मोठ्या माशाच्या हृदयाला आपल्यासारखे चार नव्हे, दोनच मुख्य कप्पे असतात. पण सुरुवात मात्र आपल्यासारखीच, साध्या नळीने होते. २०१३ साली या माशाच्या जनुकांची संपूर्ण मांडणी प्रसिद्ध झाली, तेव्हा असे आढळले की माणसाच्या शंभरापैकी सुमारे सत्तर जनुकांना या माशात जोडीदार आहे. आणि सर्वांत सोयीची गोष्ट अशी की हे पिल्लू इतके लहान असते की त्याला लागणारा प्राणवायू कातडीतूनच आत झिरपतो. हृदयाचे काम बिघडले तरी ते काही दिवस जगते, आणि बिघाडाचा परिणाम पाहता येतो.

अमावास्येच्या पणत्या

पारदर्शक वस्तूची एक अडचणही असते. पाण्यात पडलेला काचेचा तुकडा चटकन दिसत नाही. तसे काचेसारख्या जिवातली काचेसारखी पेशी ओळखायची कशी? येथे उपयोगी पडतो तो फ्लुओरेसन्स, म्हणजेच अनुस्फुरण.

शब्द अवघड असला तरी वस्तू स्वयंपाकघरातली आहे. चिमूटभर हळद थोड्या स्पिरिटमध्ये विरघळवा, खोलीत अंधार करा, आणि नोटा तपासायला दुकानदार वापरतात तो जांभळा दिवा तिच्यावर धरा. पिवळे पाणी हिरवट झळकू लागेल. (स्पिरिट चटकन पेटते, तेव्हा हा खेळ पणत्या-फुलबाज्यांपासून दूर करावा, आणि दिव्याकडे थेट पाहू नये.) लहानपणी हिवतापात ज्यांनी कोयनेल घेतले आहे त्यांच्या जिभेला त्याचा कडूपणा अजून आठवत असेल. त्याच कोयनेलच्या द्रावणावर जॉर्ज स्टोक्स या शास्त्रज्ञाने प्रयोग केले आणि १८५२ साली दाखवून दिले की डोळ्यांना न दिसणारे किरण हे द्रावण गिळते आणि त्यांच्या बदल्यात दिसणारा निळा प्रकाश बाहेर टाकते. घेताना जास्त शक्तीचा प्रकाश घ्यायचा आणि देताना कमी शक्तीचा, म्हणजेच वेगळ्या रंगाचा द्यायचा, हा या व्यवहाराचा नियम. शक्तीचा उरलेला भाग पदार्थातच खर्ची पडतो.

आता सूक्ष्मदर्शकात अशी गाळणी बसवली की जी टाकलेला प्रकाश अडवते आणि उलट आलेलाच तेवढा डोळ्यांपर्यंत येऊ देते, म्हणजे काय होईल? सगळीकडे काळोख, आणि त्यात रंगवलेल्या पेशी तेवढ्या लुकलुकणाऱ्या. जशा लक्ष्मीपूजनाच्या अमावास्येला ओळीने लावलेल्या पणत्या.

पण जिवंत पेशीला आतून रंगवायचे कसे? हा रंग दिला समुद्रातल्या एका जेलीफिशने. ओसामु शिमोमुरा या जपानी शास्त्रज्ञाने अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर हजारो जेलीफिश गोळा करून त्यांतून एक प्रकाश देणारे प्रथिन वेगळे केले. त्याच्याबरोबर एक हिरवे झळकणारे प्रथिनही हाती आले. १९६२ साली ते प्रसिद्ध झाले. पुढच्या उन्हाळ्यांत जाळी घेऊन जेलीफिश पकडायला त्यांची पत्नी आणि मुलेही धक्क्यावर येत. या प्रथिनाचे जनुक दुसऱ्या प्राण्यात घातले तर त्याच्या पेशी स्वतःच हिरवा रंग तयार करतात, हे मार्टिन चॅल्फी यांनी १९९४ साली दाखवले, आणि रॉजर त्सिएन यांनी त्या रंगाच्या अनेक छटा तयार केल्या. तिघांना मिळून २००८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

याच शिमोमुरांची एक आठवण मला विसरता येत नाही. ९ ऑगस्ट १९४५ रोजी ते सोळा वर्षांचे होते आणि नागासाकीजवळच्या इसाहाया गावी कारखान्यात कामाला होते. अणुबाँबचा झोत खिडकीतून आत आला आणि काही क्षण त्यांना काहीच दिसेना. इतका क्रूर प्रकाश ज्याने पाहिला, त्याच मुलाने मोठेपणी जिवंत पेशीला न मारता दाखवणारा हिरवा उजेड जगाच्या हाती दिला.

ठिपक्यांची रांगोळी

आता पाहण्याच्या यंत्राकडे वळू. साध्या सूक्ष्मदर्शकात जाड वस्तू ठेवली की वरच्या आणि खालच्या थरांचा उजेड मधल्या थरात मिसळतो आणि चित्र धूसर होते. यावरचा उपाय मार्व्हिन मिन्स्की या अमेरिकन तरुणाने शोधला आणि १९५७ साली त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. एका वेळी एकाच बिंदूवर प्रकाश टाकायचा, आणि परत येणारा प्रकाश अतिसूक्ष्म छिद्रातून घ्यायचा. इतर थरांतून आलेला भरकटलेला प्रकाश त्या छिद्राबाहेरच अडतो. पण एका बिंदूवर पुरेसा तेजस्वी प्रकाश आणायचा कोठून? १६ मे १९६० रोजी थिओडोर मेमन यांनी पहिला लेसर चालवून दाखवला. लेसरचा प्रकाश एका रंगाचा आणि सुईच्या टोकासारखा एकाग्र करता येणारा. छिद्र आणि लेसर यांची गाठ जमली, आणि १९८० नंतरच्या दशकात हे सूक्ष्मदर्शक प्रयोगशाळांत स्थिरावले.

काम मात्र ठिपक्यांच्या रांगोळीसारखे. एका ओळीत पाचशे बारा ठिपके आणि अशा पाचशे बारा ओळी धरल्या, तर एका चित्रात २,६२,१४४ ठिपके होतात. ते एकेक करून टिपायचे म्हणजे चांगल्या चित्राला सुमारे एक सेकंद लागतो. न हलणाऱ्या पेशीला हे चालते. पण माशाच्या पिल्लाचे हृदय सेकंदाला दोनतीन ठोके देते! जुन्या फोटोस्टुडिओत काळ्या फडक्यात डोके घालून फोटोग्राफर ओरडायचा, "हलू नका!" आणि नेमके धाकटे चिरंजीव मान वळवायचे, मग फोटोत त्यांच्या चेहऱ्याच्या जागी ढग उमटायचा. हृदयाला "हलू नकोस" असे कोण सांगणार? त्याने ऐकले तर पाहण्यासारखे काही उरणारच नाही.

उजेडाचा हिशेब

मग वाचक म्हणतील, लेसर आणखी प्रखर करा आणि भराभर टिपा. येथेच खरी मेख आहे. आईची ठेवणीतली पैठणी दोन दिवस कडक उन्हात राहिली तर तिचा रंग विटतो. तसाच पेशीतला रंगही. त्याचा प्रत्येक कण काही ठरावीक वेळाच प्रकाश देऊ शकतो. मग तो कायमचा विझतो. आणि विझण्याआधी प्रखर उजेडाने प्राणवायूचे असे काही उपद्रवी कण तयार होतात की ते पेशीलाच इजा करतात. पाहण्याच्या हट्टापायी पाहायची वस्तूच आजारी पडते.

पगारदार माणसाला हे लवकर समजेल. महिन्याची रक्कम ठरलेली. मुलांच्या फीसाठी जास्त काढली की किराण्याला कमी पडते. सूक्ष्मदर्शकाचेही तसेच. पेशीकडून मिळणारा प्रकाश ठरलेला. तो वेगावर खर्च करा, स्पष्टतेवर खर्च करा किंवा अधिक वेळ पाहण्यावर खर्च करा. सगळीकडे हात सैल सोडता येत नाही. गेल्या साठ-सत्तर वर्षांतली या यंत्राची बरीचशी प्रगती म्हणजे ही काटकसरच होय.

पहिली काटकसर दिवाळीच्या अंगणात समजावून सांगता येते. बोटाने एकेक ठिपका टाकण्याऐवजी भोकांची नळी रांगोळीने भरून फिरवली की एका फेरीत पट्टा उमटतो. त्याप्रमाणे एका बिंदूऐवजी लेसरची पूर्ण ओळ फिरवणारी यंत्रे निघाली. ती सेकंदाला शंभराहून अधिक चित्रे टिपू लागली. रांगोळीचा छापा असतो, तशी असंख्य छिद्रांची गरगरणारी तबकडीही निघाली. अशी भोकांची तबकडी पॉल निपकोव्ह याने १८८४ मध्ये दूरवर चित्रे पाठवण्यासाठी सुचवली होती. ती शेवटी येथे कामी आली. छिद्रे अनेक, म्हणून प्रत्येक बिंदूला सौम्य उजेड पुरतो.

दुसरी काटकसर कौलारू घरातल्या कवडशाची. कवडशात धुळीचे कण कसे लख्ख दिसतात! कारण उजेड बाजूने येतो आणि आपण समोरून पाहतो. या युक्तीचा उपयोग सीडेन्टॉफ आणि झिगमंडी यांनी १९०३ साली केला होता. २००४ साली जर्मनीत हायडेलबर्गला यान हुइस्केन, अर्न्स्ट स्टेल्झर आणि सहकाऱ्यांनी लेसरचा पातळ पापुद्रा करून तो जिवंत गर्भात बाजूने सोडला. जो थर पाहायचा तेवढाच उजळतो. वरचे-खालचे थर काळोखात विश्रांती घेतात.

तिसरी युक्ती तालाची. एकेका थराचे चित्र लवकर मिळाले, तरी संपूर्ण हृदयाचे सगळे थर एकाच क्षणी कसे मिळणार? मायकेल लीब्लिंग आणि सहकाऱ्यांनी २००५ साली मार्ग काढला. हृदयाचा प्रत्येक ठोका जवळजवळ मागच्यासारखाच असतो. म्हणून एकेका थराचे काही ठोके वेगवेगळे टिपायचे, आणि मग संगणकाने ते एकमेकांशी जुळवायचे. भजनातले टाळ, मृदंग आणि पेटी वेगवेगळ्या दिवशी ध्वनिमुद्रित करून नंतर समेवर समा जुळवावी, तसे हे होय. तीन मितींचे धडधडणारे हृदय असे पडद्यावर उभे राहिले.

आणि काय दिसले?

कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या संशोधकांनी २००३ साली जलद चित्रे घेऊन पाहिले, की त्या चिमुकल्या हृदयातून रक्त मोठ्या जोराने धावते आणि आतल्या पेशींना घासत जाते. मग त्यांनी एक प्रयोग केला. काही पिल्लांच्या हृदयाच्या तोंडाशी, आणि काहींच्या बाहेर पडण्याच्या वाटेशी, काचेचा अतिसूक्ष्म मणी बसवून रक्ताची वाट अडवली. दोन्हीकडे परिणाम सारखाच झाला. नळी नीट वाकली नाही, पुढचा कप्पा घडला नाही, झडपा तयार झाल्या नाहीत. मणी घातला पण वाट अडवली नाही अशा पिल्लांचे हृदय मात्र नीट वाढले. म्हणजे दोष मण्याचा नव्हता. वाहणे थांबले म्हणून घडणे थांबले.

२००६ साली याच संस्थेतल्या संशोधकांनी आणखी एक जुना समज हलवला. झडपा नसलेली ती पहिली नळी रक्त कसे ढकलते? टूथपेस्टची नळी दाबत न्यावी तसे, असे पाठ्यपुस्तके सांगत. जलद चित्रांत दिसले ते निराळेच. नळी एका टोकाशी आकसते, तिच्या लवचीक भिंतीतून लाटा धावतात, दुसऱ्या टोकावर आपटून परततात, आणि त्या लाटांमुळे रक्त ओढले जाते. रक्ताचा वेग लाटेच्या वेगाहून जास्त होता. नुसत्या दाबण्याने हे घडले नसते.

२००९ साली जुलिएन व्हर्मो आणि सहकाऱ्यांनी त्यापुढचा दुवा दाखवला. झडप नसताना प्रत्येक ठोक्याला थोडे रक्त मागे फिरते. हे पुढे-मागे हेलकावणारे रक्त नेमक्या त्या जागच्या पेशींत एक जनुक जागे करते, आणि तेथेच झडप घडू लागते. गंमत पाहा: दार नाही म्हणून रक्त मागे येते, आणि मागे येणारे रक्तच पेशींना दार बसवायला सांगते!

याचा आम्हांला उपयोग काय?

हा प्रश्न कुणी तरी विचारणारच, आणि तो विचारायलाच हवा. जन्मणाऱ्या दर हजार मुलांत आठ ते दहा मुलांच्या हृदयात काही ना काही जन्मजात दोष असतो. आमच्या शेजारच्या वहिनींच्या मुलाच्या हृदयाला असेच छिद्र निघाले. शस्त्रक्रिया झाली, मुलगा आता सायकलवरून शाळेत जातो. पण वहिनींच्या मनातले छिद्र काही बुजले नव्हते. गरोदरपणी ग्रहण लागले असताना त्यांनी विळीवर भाजी चिरली होती. घरातल्या वडीलधाऱ्यांनी ते बोलून दाखवले होते. मी असले काही वाचत असतो हे ठाऊक असल्याने एके दिवशी त्यांनी विचारले, "भाऊजी, खरं सांगा, माझ्या हातून काही झालं का हो?"

मी त्यांना सांगितले ते असे. ग्रहणाचा आणि विळीचा यात काडीचा संबंध नाही. पुष्कळ मुलांत या दोषाचे नेमके कारण सापडत नाही. पण कारण सापडत नाही याचा अर्थ आई दोषी असा मुळीच होत नाही. काही कारणे माहीत आहेत: जनुकांतले बदल, पहिल्या महिन्यांत आईला झालेला रुबेला, आटोक्यात नसलेला मधुमेह, काही औषधे. हृदयाची मूळ घडण गर्भ राहिल्यापासून आठएक आठवड्यांत उरकते. पुष्कळदा तेव्हा कुठे घरात बातमी कळलेली असते. तुमच्या मुलाच्या छिद्राचे कारण माशात सापडले, असे मी म्हणणार नाही. पण हृदय म्हणजे साच्यात ओतलेली मूर्ती नव्हे, वाहत्या रक्ताच्या रेट्याखाली क्षणोक्षणी घडणारी वस्तू आहे, आणि तिच्यात कसर कुठे राहू शकते हे आता डोळ्यांनी पाहता येऊ लागले आहे. कसर कुठे राहते हे कळणे ही उपचाराची पहिली पायरी.

मग मी त्यांना फोनवर तसले एक चलच्चित्र दाखवले. मिठाच्या कणाएवढेही नसलेले ते हृदय उघडत-मिटत होते. वहिनी बराच वेळ पाहत राहिल्या, मुलाला हाक मारून त्यालाही त्यांनी ते दाखवले, आणि सासूबाईंनाही.

या क्षेत्रात काम पुढे चालूच आहे. न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या एलिझाबेथ हिलमन यांच्या गटाने उजेडाचा पापुद्रा तिरका फिरवणारे यंत्र तयार केले. सेकंदाला तीनशेहून अधिक वेळा संपूर्ण घनाकृती टिपता येते, हे त्यांनी २०१९ साली दाखवले. तिथे आता वेगवेगळे ठोके जुळवत बसावे लागत नाही. एकाच ठोक्याचे सगळे थर मिळतात. ज्याचा प्रत्येक ठोका निराळा पडतो असे आजारी हृदयही त्यामुळे तपासता येते. तालाच्या युक्तीत ते बसत नव्हते.

जाता जाता दोन गोष्टी सांगतो. घरात लग्नाच्या वयाची मुलगी किंवा सून असेल, तर तिला रुबेलाची लस टोचली आहे की नाही हे दिवस जाण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारून घ्या. दिवस गेल्यावर ती लस देत नाहीत. आणि दिवाळीच्या सुटीत मुलांना घेऊन माशांच्या दुकानात गेलात, तर रंगीत, महागड्या माशांपुढे उभे राहण्याआधी कोपऱ्यातल्या पेटीतला तो स्वस्तातला पट्टेरी मासा मुलांना अवश्य दाखवा, आणि त्याची ही हकीकतही सांगा.